तारवावरच्या नाण्यांचा तुळाभार

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी माळ्याकडे बोट दाखवून माझ्या नवऱ्याला, गौरेशला, सांगितलं, "बाबांचो डबो खाली काढ नि पुसून ठेव. शुक्रवारी ताराच्या तुळाभाराक लागतलो." नाचणीच्या तिजनाचा चमचा ताराच्या तोंडापाशी नेलेला माझा हात तिथेच थांबला.

तुळाभार शुक्रवारी आहे हे मला ठाऊक होतं. तो नाण्यांनी आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

मुलाच्या वजनाइतकी वस्तू देवीला द्यायची, असे तुळाभार आमच्या गावात गुळाचे होतात, नाहीतर नारळांचे. एकाने केळ्यांचा केला होता, तेव्हा देवळाच्या मागची माकडं आठवडाभर हलली नव्हती. त्यामुळे मी मनाशी गूळ धरून चालले होते. तुये गावातल्या दुकानात दहा किलो चांगला गूळ सांगूनही ठेवला होता.

"आई, गूळ नाही का?" मी विचारलं.

"गूळ कोणय दिता," सासूबाई म्हणाल्या. "बांबोळीच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटयेत चेडू निपचित पडलेला, तेव्हा मी देवीकडे गूळ बोलतलंय? घरात जी वस्तू माणसान आयुष्यभर परमुलखात राहून जमयली, ती बोललंय. देवळातल्या श्रीनाथान गाराण्यात तसा उच्चारलां. 'तारवावरच्या नाण्यांनी नातीचो भार करीन.' तारवावरची म्हणजे तारवावरची. गावचा एक नाणा त्यात चलूचा नाय."

तारा दोन महिने आधी जन्मली. चौदाशे ग्रॅम. चौतीस दिवस ती त्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेरच्या बाकावर. दहाव्या दिवशी सासूबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की ग्रामदेवी सातेरीकडे गाऱ्हाणं घातलंय, पोर चालायला लागली की तुळाभार करायचा. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच हो म्हणत होते. आता तारा वीस महिन्यांची झाली होती, चालत नव्हती तर धावत होती, आणि आंगवण, म्हणजे बोललेला नवस, फेडायचा दिवस परवावर आला होता.

गौरेशने डबा खाली आणला. दूध पावडरीचा मोठा पत्र्याचा डबा, कुवेतहून कधीतरी आलेला. तो एका हाताने उचलून तो म्हणाला, "बघ, आधी दोन हातांनी हलायचा नाही. जिमचा फायदा."

जिमचा फायदा नव्हता तो. डबा खरोखरच हलका झाला होता आणि तो मी केला होता.

माझे सासरे, सगुणबाबा, अठ्ठावीस वर्षं मालवाहू तारवांवर स्वयंपाकी होते. बंदरात उतरायचं, मीठ-मिरची, सिगारेटी घ्यायच्या, उरलेली चिल्लर खिशात. पैसे बदलून देणारे नोटा घेतात, चिल्लर कोणी घेत नाही. म्हणून इटलीचे लिरा, ग्रीसचे द्राख्मा, स्पेनचे पेसेता, पोर्तुगालचे एस्कुद, जर्मनीचे मार्क नि फेनिग असं सगळं डब्यात येत गेलं. मग तिकडे युरो आला आणि त्या नाण्यांना त्यांच्याच देशात कोणी विचारीना. लग्नानंतर मी मोठ्या उत्साहाने इंटरनेटवर शोधलं होतं, चलनातून गेलेल्या परदेशी नाण्यांचं करायचं काय? मुंबईच्या एका नाणेवाल्याने फोटो मागवले आणि उत्तर दिलं, "किलोच्या भावाने पाठवा." कुठल्या कुठल्या विमानतळावर म्हणे दानपेट्या असतात. जर्मनीची बँक तेवढी जुने मार्क अजून बदलून देते. ते वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले होते, "मगे तिकीट काढ. जाऊया दोघां, सात मार्क बदलूया नि येऊया." तेव्हा डबा तसाच राहिला होता.

दोन महिन्यांपूर्वी बाबा नातीला तो उघडून दाखवत बसले. मी आतून येते तर पोरीचा गाल फुगलेला! बोट घालून काढलं तर पाच पेसेता. एवढंसं, नखाएवढं, पिवळं. त्या दुपारी सगळे झोपल्यावर मी खोकल्याच्या औषधाचं टोपण घेऊन बसले. टोपणात जे नाणं मावेल ते ताराच्या घशात मावेल, असा माझा हिशोब. मी बी.एस्सी. आहे, मोजमाप केल्याशिवाय माझं समाधान होत नाही. दोन पिशव्या भरून बारकी नाणी निघाली. दुसऱ्या दिवशी भंगाराचा टेंपो आला, त्याला देऊन टाकली आणि बदल्यात एक निळी बाल्दी घेतली. डबा माळ्यावर ढकलला. बाबांचे गुडघे त्यांना माळ्यावर जाऊ देत नाहीत. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

आंगवणीची वस्तू आधी जोखायची नसते, असं सासूबाई म्हणतात. त्या तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या तेवढ्यात मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर डबा घेऊन उभी राहिले, मग नुसती उभी राहिले. डब्यात सात किलो चारशे. तारा नऊ किलो सहाशे!

सव्वादोन किलो कमी.

वीस महिने मी या मुलीच्या शंभर-शंभर ग्रॅमसाठी जीव टाकला होता. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिचा ठिपका जरा वर सरकला की मला दिवाळी. आणि आज पहिल्यांदा नऊ किलो सहाशे मला जास्त वाटले. वाटलं तेवढ्यात स्वतःचीच लाज वाटली आणि तिजनात मी तुपाचा आणखी एक चमचा घातला.

गुरुवारी सकाळी बाबा मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसले होते. मी सरळ समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. टोपण, टेंपो, बाल्दी, वजन.

बाबांच्या हातातलं सुंगट हातातच राहिलं. "लिरा दिलंस?"

"बारीक होते ते."

"एस्कुद?"

"पिवळे सगळे गेले, बाबा."

"एका बाल्देक?" ते म्हणाले. "बाल्दी तरी बरी आसा?"

"कडी तुटली."

ते हसायला लागले ते थांबेचनात. मग एकदम थांबले. आतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या ताराला परकरपोलका घालून बघत होत्या आणि फोनवर बहिणीला सांगत होत्या, "तराजू चढलो की माज्या छातीवरचो धोंडो उतरलो, बघ. दीड वर्सां झोप नाय माका. बोलल्यालां फिटाक जाय." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "हिका सांगलंस तर आज ही जेवची नाय," ते हळूच म्हणाले. "टेंपोवाल्याचो पत्तो आसा?"

होता! घरातले सगळे मला सीसीटीव्ही म्हणतात. दारात येणाऱ्या प्रत्येक फेरीवाल्याच्या गाडीचा फोटो मी काढून ठेवते. पापडवाला, चादरवाला, कुकर दुरुस्तीवाला, सगळे माझ्या फोनमध्ये आहेत. बाळ असलेल्या घरात कोण येतं-जातं ते कळायला नको? दोन मिनिटांत टेंपो सापडला, त्याच्या दारावर रंगवलेला नंबर सापडला.

टेंपोवाला तुषार सावंतवाडीकडचा. "वहिनी, ती खुळी नाणी ना? लोखंड-पितळ सगळां मिसळलेला. इतके दिवस माज्याकडेच पडान होती, ह्याच सोमवारी डिचोलेक अनंत मेस्तांका दिलंय. ते समयो ओततत."

"ओतली असतील?"

"ते गुरुवारी भट्टी लावतत."

आज गुरुवार! मी अनंत मेस्तांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"चप्पल घाल," बाबा म्हणाले आणि सुंगटांची परात सरळ झाकून उठले.

ताराला एवढा वेळ सोडून मी कधी गेले नव्हते. सासूबाईंना म्हटलं, डिचोलीला समईचं बघून येतो, देवीला लागेल. मग सांगितलं की केळं कुस्करूनच द्या, अकरा वाजता पाणी, विहिरीकडचं दार लावून ठेवा, पलंगावर एकटीला नको, शेंगदाणा तर...

"गो," सासूबाईंनी मला मध्येच तोडलं, "गौरेशाक कोणी वाढयलो? तुज्या मोबायलान?"

स्कूटरवरून कोलवाळचा पूल ओलांडला. तिथून पुढे बाबांना उत्साह चढला. जगातली निम्मी बंदरं पाहिलेला माणूस, पण स्कूटरवर मागे बसला की वळणावर माझे खांदे असे धरायचा, जसं काही वादळात डोलकाठी धरलीय. "ओव्हरटेक कर गो त्येका! अस्नोड्यापर्यंत मोकळो रस्तो आसा!" मी आयुष्यात चाळीसच्या वर स्कूटर नेलेली नाही. त्या दिवशी काटा साठावर गेला. काटा बघायलाही मला वेळ नव्हता, तो बाबांनी बघितला आणि कानात ओरडून सांगितला. मुळगावला खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती, ताडपत्री बांधलेले, एकामागे एक लाल धूळ सोडत. मी कडेकडेने घातली गाडी. एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, "वयनी, म्हाताऱ्याक खंय पळवन व्हरतां?"

"समई पेटता!" बाबांनी ओरडून सांगितलं.

अनंत मेस्तांची शाळा, म्हणजे कामाची शेड, बाजाराच्या मागल्या अंगाला होती. दुरूनच पंख्याची घरघर ऐकू आली. भट्टी चालू होती.

"थांबा!" मी दारातूनच ओरडले. "नाणी! माझी नाणी!"

उघड्या अंगाचा, भुवया जळून विरळ झालेला माणूस सांडशी धरून उभा होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "पयस राव, बाय. कपडे जळतले. आतां थांबूं येना. धातू थांबना."

भट्टीतून त्याने मूस बाहेर काढली. आत पिवळंजर्द, पाण्यासारखं, वर हिरवट ज्वाळ. मी श्वास धरून बघत राहिले. आणि त्या रसात, अगदी कडेला, एक शेवटचं नाणं अजून पूर्ण विरघळलं नव्हतं. त्यावरचं गलबत मला स्पष्ट दिसलं, शिडासकट. मग ते बाजूला कललं आणि बुडालं.

"एस्कुद," बाबा पुटपुटले. "लिस्बोंय गेला."

मेस्तांनी मूस वाकवली. वाळूच्या साच्यात रस सुर्रकन् उतरला. बाबा माझ्या शेजारी एकेक नाव घेत होते, "जेनोवा गेला... बार्सेलोना गेला... पिरियस गेला..." आणि खरं सांगते, मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि वाटत होतं आणखी ओता, आणखी! मी कधी असं काही पाहिलंच नव्हतं.

सांडशी खाली ठेवल्यावर मेस्त माणसात आले. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आंगवणीची म्हण म्हाका कोण सांगतलो? तुषार म्हणालो, भंगार."

"सगळी विरघळली?" मी विचारलं.

"सगळीं खंय! तुमच्या नाण्यांनी म्हजो जीव काडलो." त्यांनी कोपऱ्यातली पिशवी ओढली. लोहचुंबकाला चिकटलेली वेगळी काढली होती, पांढरी वेगळी. ती पितळेत चालत नाहीत. फक्त पिवळी तेवढी मुशीत गेली होती.

"मुशीत आमचीच होती की दुसरं पितळही?" हे विचारताना मला बाबांनी कोपराने ढोसलं, पण मला विचारल्याशिवाय राहवेना.

"फकत तुमचीं. रंग वेगळो पडटा, म्हणून हांवें दुसऱ्या कामांत घातलीं नात. पळय, मूस रिती." त्यांनी मूस माझ्यापुढे धरली. मी वाकून आत पाहिलं, वाळूचा साचाही पाहिला, बाजूला पडलेलं पितळही पाहिलं. ते हसले. "पोलिसांत आसा काय गो तूं?"

साचा फोडला तेव्हा आतून समईची बैठक निघाली. नुसती बैठक, खालचा गोल भाग. दांडा नाही, वरची वाटी नाही. कडा खरखरीत, काळपट, पण घासलं तिथे सोन्यासारखी. अजून हाताला चटका देत होती. "ही व्हरात," मेस्त म्हणाले. "तुमचींच नाणीं. तोंडां तेवडीं धुवून गेलीं. दांडो मागीर करून दितां, देवीक म्हजे वतीन."

घरी आलो तेव्हा तारा खेळत होती. केळं तिने स्वतः, न कुस्करता, खाल्लं होतं. न्हाणीघरात जाऊन डबा पुन्हा जोखला. परत मिळालेल्या नाण्यांसकट साडेआठ किलो. बैठक वेगळी दोन किलो.

"नुसत्या नाण्यांनी पुरत नाही," मी बाबांना सांगितलं. "आईंना आत्ताच सांगते."

"बैठक डब्याच्या तळाक घाल, वर नाणी," बाबा म्हणाले. "तारवाच्या तळाक पण वजन घालतत. कोण इचारता?"

"बाबा, देवीला फसवायचं?"

"देवी खय, मी तुज्या सासवेक म्हणतंय. देवी मायाळू आसा."

मी बैठक डब्यात घातली नाही. कापडी पिशवीत घातली. पण सांगितलंही नाही. सासूबाई ताराच्या केसांना तेल लावत होत्या आणि इतक्या खुशीत होत्या की माझी जीभ उचलेना.

शुक्रवारी देवळाच्या सभामंडपात तराजू टांगला होता. लाकडी दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्यांनी बांधलेली पितळी पारडी. अर्धा गाव जमला होता, कारण नाण्यांचा तुळाभार कोणी पाहिलाच नव्हता. शेजारची विनोदिनी तर पुढच्या रांगेत पाट टाकून बसली होती. "आमच्या साईशाचो गुळाचो झालो, तेका मुंग्यो लागलेल्यो," ती म्हणाली. "हेका काय लागतला? गंज?"

गाऱ्हाणं घालणारा श्रीनाथ एरवी बसवर कंडक्टर असतो. त्याने देवीपुढे नारळ ठेवला. मी ताराला पारड्यात बसवलं. पारडं जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात सासूबाईंनी स्वतःच्या हाताने नाणी ओतायला सुरुवात केली. काय आवाज होता तो! खणखण, छनछन, राजेराण्या, गरुड, गव्हाची कणसं, सगळे एकमेकांवर आपटत होते. तारा टाळ्या पिटत होती. दांडी डुलायला लागली. लोक उठून उभे राहिले.

डबा संपला.

तारा जमिनीवरच होती. तिचं पारडं जरा हललं होतं, एवढंच.

"पैंजण काढ," कोणी म्हणालं. पैंजण काढले. परकरपोलकं काढलं. नुसत्या झबल्यावर पोर बसली. पारडं हलेना.

श्रीनाथ सासूबाईंच्या जवळ वाकला. "काकी, मूठभर रुपये घालुया. खिशातले. कोणाक कळचा नाय."

"जिका कळूचा तिका कळतला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. रिकाम्या डब्यात हात घालून त्या चाचपत होत्या. "माजाच चुकला. मी डबो नीट बघूक नाय. तोंडात इला ता बोललंय. पुरत नाय ता बोललंय देवीकडे, नि चेडवाच्या माथ्यार ठेवलंय..." त्यांचा आवाज फुटला.

मग मला राहवलं नाही.

"आई, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. खूप मोठ्याने म्हटलं असावं, कारण मागचे लोकही वळले. "डबा पुरेसा होता. नाणी मी काढली. ताराच्या घशात जातील म्हणून बारकी सगळी काढून भंगारात दिली. तुम्ही ती देवीला बोलला होता हे मला माहीत नव्हतं."

"भंगारात?" सासूबाई म्हणाल्या.

"एका बाल्देक," बाबांनी मदत केली. कशाला केली, देव जाणे.

विनोदिनीने तोंडाला पदर लावला. मी पिशवीतून बैठक काढली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. ओतायच्या वेळी आम्ही कसे पोचलो, काय वाचलं, काय गेलं, सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबावंसं वाटत नव्हतं.

"ही नाणीच आहेत," मी म्हटलं.

"मेस्तान तसा सांगला?" सासूबाईंनी विचारलं.

"मेस्तांनी सांगितलं, पण मी त्यावर राहिले नाही. मूस रिकामी बघितली. साचा फोडताना बघितला. दुसरं पितळ लांब होतं. शेवटचं नाणं बुडताना माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यावर गलबत होतं. देवीसमोर सांगते."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या श्रीनाथकडे वळल्या. "हिणा बघला म्हणता तर बघला," त्या म्हणाल्या. "ह्या घरात मुंगी इली तरी ही तिचो फोटो काढता. श्रीनाथा, गाराणा घाल."

श्रीनाथने उपरणं सावरलं, नारळ दोन्ही हातांत धरला आणि त्याचा बसमधला 'पुढे सरका' आवाज देवळाच्या आवाजात बदलला.

"बाय माते सातेरी! ह्या लेकरान तुज्याकडे तारवावरची नाणी बोलल्यानी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"त्यातली थोडी सुनेच्या हातान आगीत गेली, त्येची समयेची बैठक झाली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती पोराच्या काळजीन झाली, मस्तीन झाली नाय. कळत नकळत झाली चूक पदरात घे, नि हीच नाणी म्हणून मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज बाबांचा होता.

सासूबाईंनी माझ्या हातातून बैठक घेतली. एकदा कपाळाला लावली आणि नाण्यांच्या ढिगावर ठेवली. खण्ण!

दांडी करकरली. सगळ्यांच्या माना एकदम वर. आणि पारडं... हललं आणि थांबलं. तारा जमिनीपासून बोटभर वर. त्याच्यावर नाही.

दोन किलो! मी स्वतः जोखलं होतं! मग काय कमी पडलं?

"विनिता," श्रीनाथ म्हणाला, "हात."

"काय हात?"

"साखळी धरलंस तू. पोरासकट तुजोय भार देवीक देवचो आसा काय? तेवढी नाणी रिझर्व बँकेतय नाय."

सगळं देऊळ हसलं. मी खाली बघितलं. खरंच, माझा डावा हात ताराच्या पारड्याच्या साखळीवर होता, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट. बैठक देऊन टाकल्याबरोबर तो तिथे गेला असणार. मला कळलंही नव्हतं.

"पडेल ना ती," मी म्हटलं.

"मी आसंय खाली," सासूबाई म्हणाल्या. त्या पारड्याला लागून मांडी घालून बसल्या, पदर पसरून. "सोड गो."

मी एकेक बोट सोडवलं. शेवटचं सोडलं तेव्हा दांडी एका झटक्यात फिरली. नाण्यांचं पारडं धाडकन् जमिनीवर आलं आणि माझी चौदाशे ग्रॅमची मुलगी, नऊ किलो सहाशेची होऊन, सगळ्यांच्या डोक्याच्या उंचीवर गेली! टाळ्या, घंटा, कोणीतरी शंखही फुंकला. तारा क्षणभर गोंधळली. वरून तिने माझा चेहरा शोधला. मी रडतेय की हसतेय हे तिला कळलं नसावं, मलाही कळत नव्हतं. मग तिने दोन्ही हातांनी दोन साखळ्या धरल्या, पाय हलवून झोका घेतला आणि ओरडली, "आनीक!"

"आनीक नाका गो बाय!" पदर पसरून बसलेल्या सासूबाई खालून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आज्यान आता नाणी आणूक तारवार जावचा काय परत?"